पहिला नंबर म्हणजे दुसरा प्रयोग

"अगं ऐकलीस का? निकाल लागला म्हणं!"

काकूंच्या हातात अर्धी निवडलेली मेथी, चप्पल एकाच पायात. थंडीच्या दिवसांत आमच्या गल्लीत निकाल म्हटलं की तो राज्य नाट्य स्पर्धेचा, नांदेड केंद्राचा. मी धुणं तसंच टाकून कंपाउंडच्या भिंतीशी गेले.

"पहिलं कोण आलं?"

"ते राहू दे. आधी कोपऱ्यावरच्या घरचं ऐक. दोघं नवरा-बायको होते ना नाटकात? तिला अभिनयाचं रौप्यपदक. अन् ह्याला प्रमाणपत्र!"

"अरे देवा."

"अन् ती तर यायलाच तयार नव्हती. ठरलेली पोरगी ऐनवेळी नोकरीला पुण्याला गेली, म्हणून ह्यानंच हातापाया पडून हिला उभी केली. आता सकाळपासून दार बंद हाय. पेपर तसाच पडलाय ओट्यावर."

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेत बक्षिसांची उतरंडच असते. निर्मितीचं पहिलं-दुसरं-तिसरं, मग दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, मग अभिनयाची रौप्यपदकं आणि शेवटी गुणवत्तेची प्रमाणपत्रं. माझं निरीक्षण असं, की ज्याला काहीच मिळत नाही तो लवकर सावरतो. परीक्षकाला काही कळत नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. प्रमाणपत्रवाल्याला तेही म्हणता येत नाही, कारण त्याच परीक्षकानं त्याला गुणी ठरवलेलं असतं.

"तुमच्या भाच्याचं काय?" मी विचारलं. भाचा डिमरवर बसतो.

"प्रकाशयोजनेचं दुसरं. पण त्याचं तोंड बी उतरलंय. म्हणतो, मावशी, नाटकच तिसरं आलं, आता माझा लाइट कुठं लागणार?"

पोरगं खरं बोललं. पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं, म्हणजे त्याचा आणखी एक प्रयोग होतो. बाकीच्यांचं बहुतेकदा त्याच रात्री संपतं. दोन महिने तालमी करायच्या, ऑफिसातून सुटून, पोरं शेजारी ठेवून. नेपथ्याचे फ्लॅट रंगवायचे, टेम्पोत घालून कुसुम सभागृहावर न्यायचे, तिसरी घंटा, पडदा. दोन-अडीच तासांनी ते फ्लॅट पुन्हा टेम्पोत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचं नाटक. लोक म्हणतात हौशी मंडळी बक्षिसावरून फार भांडतात. भांडतील नाही तर काय? पहिला नंबर म्हणजे दुसरा प्रयोग, एवढा साधा हिशोब आहे.

"तुझ्या माहेरी बरं असंल," काकूंनी टोमणा मारलाच. माझं माहेर लातूर. तिथली स्पर्धा दयानंद सभागृहात.

"तिथंही हेच, काकू. भाऊ सांगत होता, निकालानंतर ग्रुपवरून चौघं बाहेर पडली."

"तुम्हा लातूरवाल्यांना भांडायला लागतंयच काहीतरी. आयुक्तालयाच्या वक्ताला नाही का!"

2009 साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून दोन्ही गावं पेटली होती. ते घोंगडं तसंच भिजत पडलं. नाटकाच्या बाबतीत मात्र सरकारला सुबुद्धी झाली, दोन गावांना दोन केंद्रं दिली. आता आम्ही आपापल्या गावातच भांडतो.

काकू नांदेडचा अभिमान सोडत नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी नरहर कुरुंदकरांना ऐकलेलं. भरताचं नाट्यशास्त्र या माणसानं नांदेडात बसून लोकांना समजावलं. दत्ता भगत तर इथलेच. त्यांच्या 'वाटा पळवाटा'मध्ये जुन्या पिढीचे काका, प्राध्यापक सतीश आणि तडकलेला अर्जुन, असे दलित चळवळीचे तीन रस्ते एकाच घरात समोरासमोर येतात. 2005 साली नांदेडात नाट्यसंमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी भगत सरच होते. "आपल्या गावचा मांडव अन् आपलाच नवरदेव," काकू अजून सांगतात.

मी म्हटलं, "काकू, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगायननं याच स्पर्धेसाठी केलेलं. 'घाशीराम' पण 1972 साली स्पर्धेतूनच आलं."

"मग? ती नाटकं पुढं चालली. आपल्याकडची का चालत नाहीत?"

ह्याला माझ्याकडं उत्तर आहे आणि ते काकूंना आवडलं नाही. स्पर्धेत तिकीट चहा-भज्यांच्या पैशांत मिळतं, तेवढे दिवस आपण जातो. त्यानंतर त्याच पोरांनी स्वतःच्या खर्चानं प्रयोग लावला की आपण पास मागतो. आणि पोरं तरी काय, नाटक निवडतानाच परीक्षकाचा विचार करतात. अंधार जास्त, संवाद कमी, शेवटी लाल लाइट. माझ्या मते आमच्याकडच्या चांगल्या नाटकांना हा लाल लाइटच नडला. ज्यांना विनोद येतो ती मंडळीही स्पर्धेत उगीच गंभीर होतात.

"लाल लाइट माझ्या भाच्याचा होता," काकू म्हणाल्या.

मी विषय बदलला. "तुमची पितळी घागर आली का परत?"

बरी आठवण झाली म्हणायची! घागर नाटकात प्रॉपर्टी म्हणून गेली होती, काकूंच्या आजेसासूची. परत आली ती सोनेरी स्प्रे मारून. म्हणे स्टेजवर पितळ पितळासारखं दिसत नव्हतं. काकूंनी चिंच लावून दोन दुपारी घासली, तरी कानाखालचा सोनेरी पट्टा निघेना. त्यांनी ती भिंतीवर ठेवून दाखवली. खरंच, खऱ्या पितळाशेजारी तो रंगच जास्त पितळी दिसत होता. नेपथ्याचं पहिलं बक्षीस घागर नेणाऱ्या त्या मंडळींनाच गेलं.

"पुढच्या साली देऊ नका मग."

"द्यावं लागतंय गं बाई. सुनबाईला घेतलंय त्यांनी पुढच्या नाटकात. आत्ताच विचारून गेले, निकालाची शाई वाळली नाही तर. अन् तालमीला जागा न्हाई म्हणून आमची गच्ची मागितली."

"दिलीत?"

"दिली. रोज रात्री आठला. पण तुझ्या वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला आधीच सांगून ठेव. दुसऱ्या अंकात खून हाय, सुनबाई लई मोठ्यानं वरडते. उगं पोलिसाला फोन लावायचा!"