इसरभोळ्यांसाठी हस्तपुस्तिका (अमरावती-अकोला विभाग)

ही हस्तपुस्तिका कोणासाठी आहे, ते आधी ठरवून घेऊ. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची भाकर कशी लागायची हे ज्यांना जिभेवर आठवते, व्याह्याने मांडवात कोणाला आधी टोपी घातली हे जे नावानिशी सांगतात, पण आज सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही यावर घरात ज्यांची सुनावणी चालते, ते सर्व पात्र. वयाचा दाखला जोडण्याची गरज नाही.

प्रथम बदाम. रात्री भिजवून सकाळी सोलून खायला हरकत नाही, बदाम चांगलाच लागतो. मात्र तो पोटात जातो, डोक्यात नाही, एवढे लक्षात असू द्यावे. ब्राह्मीचे तेल तर डोक्याच्या बाहेरूनच लावतात. त्याने उशीचे अभ्रे खराब होतात, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

खरा व्यायाम सोयरिकीचा. यासाठी लग्नसराईत बडनेरा रोडवरचे कोणतेही मंगल कार्यालय चालेल. जेवणाच्या रांगेपासून थोडे दूर, पण येणारा-जाणारा दिसेल अशा खुर्चीवर बसावे आणि पहिला तरुण दिसला की थांबवावे.

“तू कोनाचा रे?”

“गणेशरावांचा.”

“कोन्ता गणेशराव? दर्यापूरचा का मूर्तिजापूरचा?”

“मूर्तिजापूरचा.”

“मंग तुही आजी अंजनगावची न? तिची धाकटी बहीन आमच्या साडूच्या चुलतभावाले देल्ली. सांग, मी तुहा कोन लागतो?”

“आजोबा.”

“बराबर. पन कोन्ते आजोबा?”

इथे पोरगा मोबाइल काढतो आणि आपली जीत होते. विनोद बाजूला ठेवून सांगतो, या दीड मिनिटात तीन गावे, तीन पिढ्या आणि साडू-चुलतभाऊ-मावसआजी एवढी नाती डोक्यात उभी करून त्यांच्यातून वाट काढावी लागते. वर समोर जिवंत माणूस असतो, तो चूक काढू शकतो. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याला ही सोय नाही. फक्त एक पथ्य पाळावे. नाते जुळल्यावर लगेच त्या घरच्या वाटणीचा विषय काढू नये. त्याने स्मरणशक्ती वाढते, पण आमंत्रणे कमी होतात.

दुसरा व्यायाम बाजाराचा. अमरावतीकरांनी इतवाऱ्यात जावे, अकोलेकरांनी जनता बाजारात. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी छडीच्या धाकाने पाठ केली, त्यांच्या डोक्यात एक आख्खे यंत्र गंजत पडलेले आहे. भंडाऱ्याच्या भाजीला साडेतीन किलो वांगी घ्यावी, भाव तीस. भाजीवाला ओला हात पुसून मोबाइलवर आकडे दाबेपर्यंत आपण औट त्रिक साडेदहा, म्हणजे एकशे पाच, असे म्हणून पैसे पुढे करावे. रोडगे-वांग्यांचा बेत नसेल तर पाव किलोवरही सराव होतो, पण औटकीची मजा पावकीला नाही. पिशवी मुलाच्या हाती देऊन ‘तूच घेऊन ये’ म्हणणाऱ्यांनी हे पान वाचू नये.

चालणे हवेच. श्रावणात अकोल्याची पोरे गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात, ती वाट सुमारे 18 किलोमीटरची. तेवढे कोणी सांगत नाही. नेहरू पार्कच्या फेऱ्या पुरेत, आणि मे महिन्यात ऊन डोक्यावर यायच्या आत. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. 1936 साली या मंडळाचे गडी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. अशा गावात टीव्हीपुढच्या खुर्चीला तेल पाजत बसणे शोभत नाही.

ज्यांना भांडणात पुरावा लागतो त्यांनी रोजनिशी लिहावी. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (1854–1938) लिहीत. वकिली झाली, टिळकांबरोबरचे राजकारण झाले, शिर्डीचा मुक्काम झाला, तरी पहाटे किती वाजता उठलो आणि कोण भेटले हे कागदावर गेलेच. शिर्डीची ती डायरी पुढे पुस्तक झाली आणि लोक ती आजही वाचतात. आपली कोणी वाचणार नाही, पण दूधवाल्याचा हिशेब चुकणार नाही.

आता कान. हा भाग थोडा मोठा आहे, कारण घोटाळा इथेच आहे. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणते, “बाबा, उद्या गॅसवाला येनार हाय, घरीच थांबजा.” बाबा म्हणतात, “हाव.” दुसऱ्या दिवशी बाबा परतवाड्याच्या एसटीत. घरात ठरते की बाबा इसरायला लागले. बाबा इसरले नाहीत. त्यांनी ऐकलेच नव्हते. ‘हाव’ हा वऱ्हाडात ऐकू न आलेल्या प्रत्येक वाक्याचा सभ्य निकाल आहे. कानाचे मशीन घरी असते. ते डबीत, डबी कपाटात, आणि पाहुणे आले की ‘पोराने पुण्याहून आनलं’ म्हणून दाखवायला बाहेर. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे मोजली आणि ती सगळी आवरली तर जगातला सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असे म्हटले. कमी ऐकू येणे त्या यादीत आहे. नजर अधू होणे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण, डोक्याला मार हेही आहे. मशीन डबीत आणि हेल्मेट गाडीच्या हँडलला ठेवणाऱ्यांनी यादी दोनदा वाचावी.

बिडी-सिगारेट ओढणेही त्याच यादीत आहे. खर्रा तिथे नावाने नाही, म्हणून त्याला माफी नाही. ‘खर्रा घोटल्याबिगर काही आठवतच नाही’ हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. आठवतो तो फक्त पुढचा खर्रा.

शेवटची सूचना गंमत सोडून. शेजाऱ्याचे नाव ओठावर येऊन अडले तर घाबरायचे कारण नाही, ते संध्याकाळी येते. पण रोजच्या गल्लीत घराची वाट चुकली, चहा करताना पुढे काय टाकायचे ते सुचेना, तोच प्रश्न घटकाभरात चारदा विचारला, तर ‘वय झालं, चालायचंच’ म्हणू नका. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरता यांसारखी विसराळूपणाची काही कारणे औषधाने सुधारतात. डॉक्टरकडे लवकर जा. जाताना घरचे कोणी सोबत न्या. लक्षणे विचारली की आपण सांगतो ते अर्धेच असते, उरलेले बायको सांगते.