कोचवर अविश्वास ठराव

केदारखेड्याचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये नाही, यात नुकसान लीगचंच आहे. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावाला फुटबॉल दिसतो तो मोबाइलच्या पडद्यावर. तरीही, सतत हरणाऱ्या संघाच्या कोचला घरी पाठवावं की आणखी वेळ देऊन वर खेळाडू घ्यायला पैसे द्यावेत, यावर बोलायचा अधिकार मँचेस्टरच्या माणसापेक्षा आमचा जास्त आहे, असं मला वाटतं. मोठ्या थाटात आणलेला माणूस सहा महिन्यांत डोळ्यांत खुपू लागला तर काय करायचं, यावर जगातल्या कुठल्याही फुटबॉल मंडळापेक्षा महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने जास्त डोकं चालवलेलं आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही. गल्लीतलं गटार तुंबो, पाण्याची मोटार जळो, दोन वर्षं गिळून बसायचं. पुढे ठराव आलाच तर तीन-चतुर्थांश सदस्य लागतात आणि शेवटचा शब्द ग्रामसभेचा असतो. कायदा करणाऱ्याला गाव ओळखीचं असणार. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर कोणत्या गप्पा चालतात, हे त्याला ठाऊक होतं.

आता पुण्याकडे बघा. एफसी पुणे सिटी हा क्लब २०१४ ते २०१९ एवढाच जगला. तेवढ्यात त्याने कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, हबास, पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि फिल ब्राऊन असे कोच बघून घेतले. इटलीचा झाला, इंग्लंडचा झाला, स्पेनचा झाला, सर्बियाचा झाला. पर्यटन खात्यालाही एवढं जमलं नसतं. यातले पोर्तुगाल साहेब २०१८ साली आले आणि तीन सामन्यांनंतर गेले. तीन सामन्यांत माणसाला बालेवाडीच्या मैदानाचा रस्ता तरी पाठ होतो का? पुढच्या वर्षी क्लबच बंद पडला, त्याची जागा हैदराबादने घेतली. ब्राऊन तिकडे गेले आणि मोसम संपायच्या आत तिथूनही मोकळे झाले.

याच्या उलटं उदाहरण मुंबईचं आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. खालिद जमील यांनी २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसी हा आय-लीगमधला क्लब सांभाळला. पैसा बेताचा, मैदान कूपरेजचं, विजेतेपद एकही नाही. पण त्या सात वर्षांत संघ एकदाही खालच्या पायरीवर घसरला नाही. २०१६ मध्ये क्लबने वेगळा विचार केला. जमील मिझोरमच्या आयझॉलला गेले आणि आशुतोष मेहता, जयेश राणे हे मुंबईतले खेळाडूही तिकडे पोचले. हा आयझॉल संघ आदल्या मोसमात लीगबाहेर गेला होता. गोव्याचे दोन क्लब स्वतःहून निघून गेले म्हणून त्याला परत घेतलं होतं. त्याच संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी आय-लीग जिंकली. त्याच मोसमात जमील नसलेली मुंबई एफसी तळाला गेली, लीगबाहेर पडली आणि विषय संपला. पुढे २०२५ मध्ये भारतीय संघासाठी कोच शोधताना महासंघाला जमीलच सापडले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २०२० च्या जानेवारीअखेर एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढलं, तेव्हा संघ अव्वल होता आणि साखळीतले तीनच सामने उरले होते. सूत्रं क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली, तिन्ही सामने जिंकले, लीग शील्ड गोव्याला आली. लोबेरा मुंबई सिटीत गेले. तिथे नुकतंच मँचेस्टर सिटीच्या मालकांनी ६५ टक्के भांडवल घेतलं होतं. पैसा ओतला गेला आणि २०२०-२१ मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही मुंबईला. म्हणजे काढल्याने फायदा, पैसे दिल्यानेही फायदा. मग वेळेचं कौतुक कशाला? पण मुंबईने काय विकत घेतलं ते बघा: जाहू, फाल, बुमू, मंदार राव देसाई. चौघंही एफसी गोवाचे खेळाडू, लोबेरांच्याच हाताखाली तयार झालेले. मुंबईने पैसे मोजून गोव्याची तीन वर्षं विकत घेतली. आणि मिरांडांच्या तीन सामन्यांत जो संघ खेळला तो कोणी बांधला होता? रस्ता जुन्या सरपंचाने करायचा आणि फीत नव्याने कापायची, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

नवा कोच आला की संघ उसळतो, हाही एक लाडका समज. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या तिथल्या लीगचा हिशेब मांडला. कोच काढलेले संघ पुढे सुधारले. पण तेवढेच घसरलेले आणि कोच न काढलेले संघही तसेच सुधारले. वाईट दिवस सरतात, श्रेय मात्र त्या दिवशी खुर्चीत बसलेल्याला मिळतं. याच न्यायाने माझ्या बाजूच्या लोकांचाही कान धरायला हवा. ‘फर्ग्युसनला वेळ दिला नसता तर?’ हा त्यांचा हुकमी पत्ता. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला करंडक १९९० च्या मे महिन्यात आला, हे खरं. पण त्याआधी त्यांनी ॲबर्डीनसारख्या क्लबला घेऊन १९८३ मध्ये युरोपातल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवलं होतं. वेळ मिळूनही काहीच न केलेल्यांचे पुतळे कोणी उभारत नाही, म्हणून ते आठवत नाहीत. तेव्हा दोन वर्षं द्यावीत, वीस नव्हेत. आणि त्या दोन वर्षांत गुणांच्या तक्त्यापेक्षा पोरं सुधारतायत का, तोच गोल पुन्हा पुन्हा खातायत का, हे बघावं.

राहिला पैसा. इथे मी चिकट आहे. अडचणीतला कोच पैसे मागतो ते ओळखीच्या माणसांसाठी. एरिक टेन हाग यांनी २०२२ मध्ये आयाक्सहून आपलाच जुना खेळाडू अँटनी युनायटेडमध्ये आणवला, सुमारे साडेनऊ कोटी युरोंना. २०२४ मध्ये संघ लीगमध्ये आठवा आला, तरी एफए कप जिंकला म्हणून उन्हाळ्यात करार वाढवला आणि ऑक्टोबरात काढून टाकलं. वेळ दिला, पैसाही दिला, शेवटी कोच गेला आणि खेळाडू गळ्यात राहिला. ग्रामपंचायतीत असं सहजी होत नाही. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता. तो पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, कमानीवर नाही. शिवाय सरपंचाच्या सहीशेजारी ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकाऱ्याची) सही लागते. क्लबनेही तसंच करावं. साठ टक्के रक्कम गोलरक्षक, बचावफळी आणि अकादमीतल्या पोरांसाठी बांधून टाकावी आणि उरलेल्या चाळीसवर अशा माणसाची सही घ्यावी, ज्याला कोच गेल्यानंतरही त्याच ऑफिसात बसायचं आहे. हुशार कोच अशाने पळून जाईल, असं कोणी म्हणेल. जाऊ द्यावा. बंधित निधी बघून पळणारा सरपंच आम्हीही बिनविरोध निवडून देत नाही.

युनायटेडनंतर टेन हाग २०२५ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला गेले. तिथे त्यांना लीगमधले दोन सामने मिळाले. तेवढ्यात आमच्याकडे सरपंचाच्या सत्काराचे फ्लेक्ससुद्धा उतरत नाहीत.