सवलतीची द्राक्षं

तासगावच्या माणसाला द्राक्षाचा भाव विचारावा लागत नाही. चार किलोची पेटी कितीला गेली, व्यापारी कुठला, पैसे रोख मिळाले की वायद्यावर, हे सगळं तो चहा येईपर्यंत सांगून मोकळा झालेला असतो. आपले काका त्याच पाण्यावर वाढलेले. बागा भावकीच्या, स्वतःची नोकरी मात्र सहकारी बँकेत. त्यामुळे शेतकऱ्याची आशा आणि कर्जविभागाचा संशय हे दोन्ही गुण त्यांच्यात सुखाने नांदतात. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही नावं त्यांना पुतण्यांच्या नावांआधी आठवतात. द्राक्षं विकायची, उरली तर बेदाणा करायचा, हा घराण्याचा शिरस्ता. त्यांची वाईन करून पिणं हा प्रकार निवृत्तीपर्यंत घरात शिरला नव्हता. तो शिरला जर्मनीमार्गे.

लेक-जावई एसेनला. सासऱ्यांना रोज काय दाखवायचं, हा जावयाला पडलेला प्रश्न काकांनीच सोडवला. त्यांना आल्डी सापडलं. आल्डी हे स्वस्ताईचं दुकान एसेनचंच. आना आल्ब्रेख्ट या बाईंनी १९१३ साली तिथे छोटं वाणसामानाचं दुकान काढलं, दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या मुलांनी ते वाढवलं आणि १९६० च्या सुमारास दोघा भावांनी वाटण्या केल्या. वादाचं कारण, दुकानात सिगारेट विकायची की नाही! बांधावरून, विहिरीवरून आणि एकदा तर नुसत्या चिंचेच्या झाडावरून झालेल्या वाटण्यांची कागदपत्रं पाहिलेल्या काकांना हे फार भावलं. उत्तर जर्मनी एकाची, दक्षिण दुसऱ्याची. चुली वेगळ्या, पाटीवरचं नाव तेच. "कोर्टात न जाता?" एवढंच त्यांनी जावयाला दोनदा विचारलं.

या दुकानातली वाईन पाहून त्यांचा विश्वास बसला तो मांडणीवरून. पुठ्ठ्याच्या खोक्याचं तोंड फाडलेलं आणि बाटल्या त्यातच उभ्या. सजावटीवर खर्च नाही म्हणजे मालक शहाणा. तीन युरोच्या आतल्या बाटल्या ओळीने होत्या. परदेशी गेलेला मराठी माणूस प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणतो आणि ती वस्तू परत ठेवतो. वाईन ही पहिली वस्तू, जी गुणाकारानंतरही काकांच्या हातात राहिली. "इथं कोथिंबिरीनं जीव जातोय आणि ही बघ," असं त्यांनी पत्नीला बोलावून दाखवलं. काकू म्हणाल्या, "कोथिंबीर महाग म्हणून दारू घ्यायची, हे मी आजवर ऐकलं नव्हतं."

या स्वस्ताईत जादू काही नाही. माल मोजका, खरेदी घाऊक, लेबलं बरीचशी दुकानाची स्वतःची. त्यात जर्मनीत साध्या वाईनवर अबकारी कर शून्य. फेसाळ वाईनवर मात्र आहे, कारण १९०२ साली कैसरला आरमार बांधायचं होतं. कैसर गेला, ते आरमारही गेलं, मधे काही वर्षं करही गेला होता. पण तो परत आला आणि अजून आहे. करांची चिकाटी काय असते, हे बँकवाल्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत याच आल्डी घराण्यातल्या एका शाखेकडे असलेल्या ट्रेडर जोज या दुकानांनी २००२ मध्ये चार्ल्स शॉ नावाची वाईन एक डॉलर नव्याण्णव सेंटला विकायला काढली. लोक हसले. २००७ साली कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत, परीक्षकांना नाव-किंमत न सांगता चव बघायला दिली तेव्हा, तिच्या शार्डनेला पहिलं बक्षीस मिळालं. ही गोष्ट काका आता कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीला सांगतात.

तर अशी तयारी करून काका मुलाकडे म्हैसूरला आले आणि तिथून सगळे टी. नरसीपूरला निघाले. म्हैसूरपासून तीसेक किलोमीटर. कावेरी आणि कपिला, म्हणजे कबिनी, यांचा इथे संगम. तिसरं स्फटिक सरोवर गुप्त. १९८९ पासून दर तीन वर्षांनी इथे दक्षिणेचा कुंभमेळा भरतो. करोनात एक खंड पडला, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला. काठावर गुंजा नरसिंहाचं मंदिर आहे. या क्षेत्राचं पुण्य काशीपेक्षा गुंजभर जास्त, अशी श्रद्धा. पुजाऱ्याने ती सांगितली तेव्हा काकांचा चेहरा उजळला. काशीचं तिकीट वाचलं आणि वर गुंजभर जादा! क्षेत्राविषयी त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

काकूंना ओढ होती ती इथल्या रेशमाची. म्हैसूर सिल्कच्या साड्या विणणाऱ्या सरकारी महामंडळाची सूत काढण्याची गिरणी टी. नरसीपूरला आहे. कोषांपासून धागा इथे, साडी म्हैसूरला. त्या साड्यांवर सरकार अधूनमधून सवलतही देतं, ही माहिती काकूंनी पुरवली आणि काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. सरकार साडीवर सूट देतं, तर बाटलीवर का देणार नाही?

बाटलीही सरकारच विकतं. एमएसआयएल म्हणजे म्हैसूर सेल्स इंटरनॅशनल ही कर्नाटक सरकारची १९६६ सालची कंपनी. शाळकरी मुलांच्या 'लेखक' आणि 'विद्या' या वह्या तिच्या, चिट फंडही तिचा आणि राज्यभर पसरलेली छापील किमतीत दारू विकणारी दुकानंही तिचीच. पोराची वही, आईची भिशी आणि बापाची बाटली अशी कुटुंबातल्या सगळ्यांची सोय एकाच ठिकाणी. 'लेखक' नावाची वही आणि दारू एकाच कंपनीने विकावी, यावर काका काही बोलले नाहीत; पण मुलाकडे पाहून हसले. मुलगा कविता करतो.

काउंटरवर लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. पुढच्या फळ्यांवर नव्वद आणि एकशे ऐंशी मिलिलिटरची व्हिस्कीची कागदी खोकी, मुलांच्या ज्यूससारखी रचलेली. वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अंगाशी. काकांनी जमवलेलं कन्नड बाहेर काढलं.

"डिस्काउंट एष्टु?"

"इल्ला सार. एमआरपी."

"एरडु बाटलि तगोंड्रे?" दोन घेतल्या तर?

पोऱ्याने शांतपणे हिशेब केला. "एरडु एमआरपी."

यात त्या पोऱ्याचा दोष नाही. कर्नाटकात २००३ पासून राज्याचं बेव्हरेजेस महामंडळ हाच एकमेव घाऊक व्यापारी आहे. कारखाना कुणाचाही असो, बाटली आधी महामंडळाच्या डेपोत जाते आणि तिथून दुकानात. आल्डीची सगळी कला घाऊक खरेदीत घासाघीस करण्याची. इथे घासाघीस करायला समोर सरकार. बाहेर अनेक ठिकाणी छापील किमतीवर पाच-दहा रुपये चढवून घेण्याची रीत आहे, तेव्हा छापील किमतीत मिळणं हीच इथली सवलत. काकांनी हे मान्य केलं, पण अपिलाचा अधिकार राखून.

महाराष्ट्रात तर आल्डीसारखी गोष्ट अगदी तोंडाशी आली होती. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकता येईल. वेगळं, कुलपाचं कपाट हवं, देऊळ आणि शाळा जवळ नको, दारूबंदीचे जिल्हे वगळून, परवान्याची फी वर्षाला पाच हजार. हेतू द्राक्षबागायतदारांचं भलं. मग काय विचारता! वाईन म्हणजे दारू की नाही, यावर ज्यांनी आयुष्यात दोन्हींना हात लावलेला नाही त्यांनीही वाहिन्यांवर मतं दिली. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' असा शब्द काढला. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून राळेगणसिद्धीला उपोषणाची घोषणा केली आणि सरकारने लोकांची मतं मागवण्याचं कबूल केल्यावर आदल्या दिवशी ती मागे घेतली. जूनअखेर सरकारच बदललं. ते कपाट राहिलं कागदावर. काकांनी मात्र सांगलीतल्या ओळखीच्या सुपरमार्केटात जाऊन ते कुठे बसेल याची जागा मनाशी नक्की केली होती, गोडेतेलाच्या डब्यांशेजारी, कारण तिथे ऊन येत नाही.

ऊन हा विषय काका सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे छापील किंमत सगळ्या दुकानांत तीच असल्यामुळे स्वस्त बाटली शोधण्यात अर्थ नाही. त्याच किमतीत न बिघडलेली बाटली शोधणं यात खरी कमाई. टी. नरसीपूरच्या त्या खिडकीत हात घालून काकांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. समोरची बाटली घेतली आणि लगेच परत दिली. लेबलचा लाल रंग विटून गुलाबी झाला होता. मागच्या रांगेतली मागितली. तिच्या मानेवर धूळ होती, धुळीची त्यांना हरकत नाही; बुचाखाली चिकट ओघळ आहे का ते अंगठ्याने पाहिलं, आतली पातळी मानेत कुठवर आहे ती उजेडात धरली. मग चष्मा कपाळावर चढवून लेबलावरची तारीख वाचली. शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन साल-दोन सालांच्या आतली घ्यायची, लाल थोडी जुनी चालते. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर उत्तम. उभ्या बाटलीत बूच सुकतं, झाकणाला ती भीती नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने या अवधीत एक खोकं घेतलं, बाजूला जाऊन संपवलं आणि दुसऱ्यासाठी परत रांगेत आला.

सगळ्यांत स्वस्त बाटली गोड लाल पोर्टची होती. ही जात बहुधा बेंगलोर ब्लू द्राक्षाची. गोडी भरपूर, वरून जादा मद्यार्क. नाताळच्या केकसाठी बेकरीवाले नेतात, आणि रक्त वाढतं म्हणून काही घरांत औषधासारखीही ठेवतात. काकांनी ती टाळली. लेबलवर द्राक्षाची जात लिहिलेली नसेल तर घ्यायची नाही, असा त्यांचा नियम आहे. बेण्याची जात सांगितल्याशिवाय त्यांनी कधी ऊसकर्जसुद्धा मंजूर केलं नव्हतं. शिराझ किंवा काबेर्ने हे द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. असा माल तासगावच्या बाजारात आणला तर व्यापारी पेटी उघडून बघणार नाही. पण वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच येतो, हे पटायला काकांना बराच काळ गेला.

मग प्रश्न माहेरचा. काकांना नाशिकची बाटली हवी होती. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाईनला करात मोठी सूट दिली, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. विंचूर बहरलं, पलूस तसं नाही. हा काकांचा दुखरा कोपरा, तिथे बोट ठेवू नये. कर्नाटकाने २००७ मध्ये स्वतःचं वाईन धोरण आणलं. नंदी, कावेरी, कृष्णा अशी खोरी द्राक्षांसाठी पुढे केली. आता दोन्हीकडे वाईन होते आणि एका राज्याची बाटली दुसऱ्यात गेली की वेगळे कर लागतात. सीमाप्रश्न असा बाटलीपर्यंत पोचला आहे. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला तो आपल्याकडच्या पुढाऱ्यांना अजून सुचलेला नाही: दोन्हीकडे घर करायचं. नंदी डोंगराखालच्या ग्रोव्हरने २०१२ मध्ये नाशिककडच्या झाम्पाशी सोयरीक केली. नाशिकच्या सुलाने बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणला वायनरी घेतली. म्हणजे काकांनी अभिमानाने उचललेली नाशिकची बाटली कदाचित कर्नाटकातच भरलेली. मुलाने हे लेबल वाचून दाखवलं. "असू दे. कुळी तर आपलीच ना," काका म्हणाले.

एसेनची तीन युरोवाली बाटली इथे का मिळत नाही, हे विचारण्यात अर्थ नव्हता, पण काकांनी विचारलंच. परदेशी वाईनवर आयातशुल्क दीडशे टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि शुल्क उतरलं, पण कुणाचं? बंदरात पाच डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीने उतरणाऱ्या बाटलीचं शंभर टक्क्यांवर, पंधरा डॉलरच्या पुढचीचं पंचाहत्तरवर. त्याखालची स्वस्त बाटली जिथल्या तिथे. महागाला सूट आणि स्वस्ताला पूर्ण कर. बँकेत मोठ्या थकबाकीदाराला तडजोड योजना मिळायची आणि दोन हजारवाल्याच्या दारात जप्ती जायची, तेव्हापासून काकांना या तत्त्वाची ओळख आहे.

परतताना काकूंनी गाडी औषधाच्या दुकानापाशी थांबवली. भूक लागत नाही म्हणून त्यांना द्राक्षासव हवं होतं. काका सहज म्हणून आत गेले. काउंटरवर जाळी नव्हती. दुकानदाराने बाटली समोर ठेवली, काकांनी सवयीने पालथी करून लेबल वाचलं: घटक, द्राक्षं, आंबवलेलं, त्यात आपोआप तयार होणाऱ्या मद्यार्काचं प्रमाणही छापलेलं. मात्रा जेवणानंतर, तेवढंच पाणी घालून. बिलात दहा टक्के वजा होते.

काकांनी चष्मा पुसला. "दोड्ड बाटलि तगोंड्रे?" मोठी घेतली तर?

"हन्नेरडु पर्सेंट, सार." बारा टक्के.