दगडी चाकांचं मशीन

सीएनसी मशीन विकत घेतात ते कारखानदार, स्वतः डिझाइन करतात ते कलावंत, असं माझं मत आहे. घरात ते माझ्याशिवाय कुणाचंही नाही. लाकूड कोरणारं मशीन हल्ली कुणीही जुळवतो. मला पोलाद कापायचं होतं, तेही तंजावरजवळच्या ओरत्तनाडूत, भातशेतीच्या चिकणमातीवरच्या रिकाम्या गोठ्यात.

धातू कापायचा तर सांगाडा हलता कामा नये. कटरचा दात घुसला की सांगाडा केसभर मागे सरतो, परत येतो, धातूवर लाटा उमटतात आणि आवाज असा, की शेजारची म्हैस आटावी. तुळईची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे सूत्र कळलं आणि मी बिघडलो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांशच ताठ, म्हणून बाद. पोलाद घुमतं. ओतीव लोखंड कंप गिळतं, पण ओतायचं कुणी? शेवटी पोलादी नळीत गिट्टी आणि एपॉक्सी ठासायचं ठरवलं. कागदावर गॅन्ट्रीचं, म्हणजे कटर पेलणाऱ्या तुळईचं, वजन वाढत गेलं. माझंही वाढलं, पण त्याला ताठपणा म्हणता येईना.

वेल्डर म्हणाला, "सार, हे उचलणार कोण?" कलावंताला असले प्रश्न विचारू नयेत.

इथे सरफोजी राजांचा विषय काढायची गरज नाही, पण तंजावरचा मराठी माणूस गरजेची वाट पाहत नाही. 1799 च्या तहात राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांकडे वेळच वेळ उरला. त्यांनी हवेचा पंप जमवला, विजेचं यंत्र जमवलं, शरीरशास्त्रासाठी हस्तिदंती सांगाडा ठेवला, 1805 साली देवनागरी छापखाना काढला. राज्य हातून गेलं की माणूस यंत्रांकडे वळतो. माझी नुसती नोकरी संपली होती, पण साम्य आहेच, आणि ते माझ्याच तोंडून घरच्यांनी पुष्कळदा ऐकलंय.

त्याच राजांनी आमच्या गावात मुक्तांबाळच्या नावानं अन्नछत्र बांधलं. राजाची ती लाडकी. शेवटची इच्छा तिनं हीच सांगितली, म्हणतात. तिथे दगडी घोडे आहेत, हत्ती आहेत, रथाची चाकं आहेत. दोनशे वर्षांत तो रथ जागचा हललेला नाही. मी एकदा ताठपणा मोजायला डायल गेज घेऊनच गेलो होतो.

पण छत्र काही ताठपणासाठी बांधलं नव्हतं. 1801 साली इंग्रजांच्या रेसिडेंट टॉरिनला लिहिलेल्या पत्रात राजांनी छत्रांची रीत सांगितली आहे: ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला भात, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचा राहिला असेल तर त्याला हाक. गेलेल्या राज्याबद्दल राजा काय बोलला असेल ते असो, भाताबद्दल तो भांडत होता. हे वाचलं की माझी नळी, गिट्टी आणि मी, तिघंही जरा पोकळ वाटायला लागतो.

"ह्यावर करणार काय?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, ह्याच मशीनसाठी आणखी ताठ ब्रॅकेट. आत्या उठून गेली.

मला राग येतो तो बाजारातल्या लेथवाल्या अण्णाचा. त्याच्या लेथची गादी झिजलेली, खाली लाकडाच्या पाचरी. पण पाण्याच्या पाळीला पंपाचा शाफ्ट गेला की शेतकरी त्याच्याकडे धावतो आणि बुश बसवून निघतोसुद्धा. लाटा उमटतात, पंप चालतो. परवा त्याला माझी ड्रॉइंगं दाखवली. प्रत्येक पान त्यानं आदरानं उलटलं. मग विचारलं, "सार, गिऱ्हाईक आलं तर बसणार कुठे?"

बाकाचं डिझाइन सुरू केलंय. चौकोनी नळी, उंची दुप्पट, आत गिट्टी.