पुन्हा तळलेलं केळं

केळ्याच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं रत्नागिरीत खपत नसे, ते ब्राँक्समध्ये कुठून खपणार? शेजारच्या पोर्तो रिकोच्या आजींनी तोस्तोनेसचं नाव काढताच मी म्हणालो, ‘‘हॅ! म्हणजे आमचे काप.’’ वर ऐकवलंही, की केळं मूळचं आशियातलं; तुमच्या शेजारच्या बेटावर ते तोमास दे बेर्लांगा नावाच्या पाद्र्याने 1516 साली कॅनरी बेटांवरून नेलं. आजी म्हणाल्या, ‘‘बरं. मग तळून दाखव.’’

तळायचं, चेपायचं, पुन्हा तळायचं. पहिल्या खेपेला न जमणाऱ्यांची ही पळवाट, असं ठरवून मी आधीच चेपायला घेतलं. कच्चं केळं चेपत नाही, निसटतं. एक तुकडा फ्रिजखाली गेला, तो अजून तिथेच असावा. पुढच्या घाण्याच्या वेळी घरून फोन आला; बोलणं संपेतो चकत्या गार झाल्या आणि चेपताच फुटल्या.

शेवटी गेलो शरण. आजींनी दोन फळ्यांना बिजागरी लावलेली तोस्तोनेरा काढली. पेराएवढे जाड तुकडे बेताच्या आचेवर पिवळसर तळले, गरम असतानाच चेपले, लसणाच्या मीठपाण्यातून काढले आणि कडकडीत तेलात सोडले. जो आवाज झाला, त्याने मी दोन पावलं मागे गेलो. आजी जागच्या हलल्या नाहीत.

सोलताना सदऱ्यावर चीक पडला होता. आता चिकाबद्दल बोललंच पाहिजे. आई कच्ची केळी चिरायला विळीवर बसली, की आधी हाताला खोबरेल चोळायची. मी न चोळता लुडबुड करायचो, म्हणून माझ्या शाळेच्या प्रत्येक सदऱ्यावर एकेक तपकिरी ठिपका. लिंबू, मीठ, सोडा, ऊन, आईचे धपाटे. एकानेही तो गेला नाही. मी हे सांगितल्यावर आजी हसल्या. त्यांच्याकडे म्हणतात, ‘मांचा दे प्लातानो’, केळ्याचा डाग. कुठेही जा, तू पोर्तो रिकोचा हे लपत नाही. आजी स्वतः पाचव्या वर्षी न्यूयॉर्कला आल्या. बेट त्यांना धड आठवतही नाही.

ऑफिसात कुणी गाव विचारलं, की मी ‘मुंबईजवळ’ म्हणतो. रत्नागिरी मुंबईपासून तीनशेहून जास्त किलोमीटर आहे.

रविवारी एकट्याने घाणा काढून आजींना नेऊन दिला. त्यांनी एक तुकडा नीट चावून खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘काप छान झालेत.’’