भाडेकरूच हप्ता फेडणार म्हणे!

“काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या धाकट्यानं उंड्रीला टू बीएचके घेतला. राहायला नाही हं, भाड्यानं द्यायला.”

“ऐकलं तर! त्याची आई भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांना सांगत होती, ‘खिशातला पैसा जायचा नाही, भाडेकरूच हप्ता फेडणार.’ मी कोथिंबिरीची जुडी घेतली आणि गप्प बसले. बँकेच्या कर्जखात्यात जन्म गेला माझा, पण भाजीवाल्यासमोर कुणाचा हिशोब काय काढायचा?”

“मग माझ्यासमोर काढा. आमच्या घरीही तेच वारं शिरलंय. त्याच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये रीसेलचा एक आहे. ६० लाख म्हणतात. एजंट म्हणाला, १९ हजार भाडं सहज येतं.”

“अस्सं! म्हणजे कोपऱ्यावरची बातमी नुसतं निमित्त. थांब, एवढा टॉवेल वाळत घालते. हं. कर्ज किती काढताय?”

“मिळेल तितकं. ९० टक्के देतात ना?”

“३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९०. ३० ते ७५ लाखांना ८०, त्याच्या वर ७५. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मॅनेजर सख्खा भाऊ असला तरी बदलत नाही. म्हणजे ४८ लाख कर्ज, १२ लाख तुमचे. स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत बरं का. ती पुण्यात ७ टक्के, झाले ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटनं एक टक्का घेतला तर ६० हजार. १७ लाख रोख काढून ठेवावे लागतील, आणि यात गीझर-पडदे-रंग काही नाही.”

“माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर?”

“एक टक्का ड्युटी वाचेल, ६० हजार. पण मग मालक म्हणून नवऱ्याचं नाव चालायचं नाही. कर्जात मात्र त्यालाच ओढावं लागेल, कारण बँक आधी पगार बघते. सांगून बघ घरी, चेहरा कसा होतो ते मलाही कळव! आणि हो, ५० लाख किंवा वरचा व्यवहार आहे, म्हणून विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. विसरलात तर नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही.”

“बाई गं. बरं, हप्ता किती?”

“साडेआठ टक्के, २० वर्षं धर. लाखाला ८६८ रुपये. ४८ लाखांना ४१ हजार ६००च्या वर.”

“आणि भाडं १९.”

“आलं ना लक्षात? हे कोपऱ्यावर कुणी शेजारी-शेजारी मांडलेलं दिसत नाही.”

“त्यांना बिल्डरनं दोन वर्षांच्या भाड्याची हमी दिलीय, काकू. ३५ हजार महिना!”

“मग बरोबर. ते ३५ हजार आधी फ्लॅटच्या किमतीत घातलेले असतात, आपलेच पैसे महिन्या-महिन्याला परत. शिवाय बांधकाम चालू असताना बुक केला असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. तुमच्या रीसेलला तो नाही, एवढं बरं. तिसऱ्या वर्षी भाजीच्या गाडीपाशी काय ऐकू येतं ते बघू.”

“पण आमचं १९ तरी खरं ना?”

“१९ कसले गं! कराराचे अकरा महिने संपले की एक महिना घर रिकामं राहतं, रंग लागतो, नवा भाडेकरू शोधायचा असतो. म्हणून वर्षाचे अकरा महिनेच धर. २ लाख ९ हजार. त्यातून मेंटेनन्स किती?”

“३२०० महिना. भाडं त्याच्यासकट सांगितलंय.”

“म्हणजे वर्षाला ३८ हजार ४०० आपणच भरायचे. भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते ते आणखी. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ सालचा सरकारी आदेश आहे. कुणी जास्त मागितलं तर भांडायचं. मिळकतकर १२ हजार धरू. महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते, ती भाडेकरू ठेवला की गेली. एजंटला दरवर्षी एक महिन्याचं भाडं, १९ हजार. नळ, प्लंबर, रंग, किरकोळ मिळून १० हजार. हातात उरतात १ लाख ३० हजारांच्या आसपास. महिन्याला १० हजार ८००.”

“आणि हप्ता ४१ हजार ६००. म्हणजे महिन्याला...”

“३१ हजार खिशातून. वीस वर्षं तसंच नाही राहणार, भाडं वाढत जाईल, पण सुरुवात अशी. आता मी बँकेत जे उलटं करायचे ते करून दाखवते. १० हजार ८००चा हप्ता भरला तर कर्ज किती फिटतं? ८६८नं भाग.”

“साडेबारा लाख?”

“त्याहून थोडं कमीच. भाडेकरू फेडू शकतो ते एवढंच कर्ज. ६० लाखांतले साडेबारा त्याचे, बाकीचे तुम्ही आणायचे. कुणी ‘भाडेकरूच फेडतो’ म्हणालं की हा एक भागाकार करायचा.”

“पण काकू, पुण्यात भाव वाढतातच की.”

“वाढतात, कधी दणकून, कधी सहा-सहा वर्षं ढिम्म. तेही मोजू. पहिल्या हप्त्यात ३४ हजार नुसतं व्याज, मुद्दल जेमतेम साडेसात हजार. वर्षाचं व्याज चार लाखांच्या घरात. त्यातून भाड्याचे १ लाख ३० वजा कर, राहिले पावणेतीन लाख. तुमचे १७ लाख एफडीत असते तर लाख-सव्वा लाख आले असते, तेही बुडाले. झाले चार लाख. म्हणजे ६० लाखांचा फ्लॅट दरवर्षी साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी वाढला तर तुम्ही फक्त जागच्या जागी. त्याहून जास्त वाढला तर कमाई. मला विचारशील तर हा भाड्याचा धंदाच नाही, कर्ज काढून भावावर लावलेली पैज आहे. लावायची तर लावा. फक्त महिन्याचे ३१ हजार झेपणार का, आणि एकाची नोकरी गेली तरी झेपणार का, ते आधी बघा.”

“हे म्हणतात, टॅक्स वाचतो.”

“जुन्या पद्धतीनं भरतो की नव्या?”

“नव्या.”

“मग भाड्यातून मिळकतकर, ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचं व्याज जाईल. भाड्यावर कर लागायचा नाही, पण उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या पद्धतीत होतो, तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच. आणि साडेआठ टक्के हे काही ताम्रपटावर कोरलेलं नाही हं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्यात रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला. बँकांनी पुष्कळांचे हप्ते तेच ठेवले आणि मुदत वाढवली. माणसं खुशीत, हप्ता वाढला नाही म्हणून! चौकशीला आल्यावर कळायचं, निवृत्तीनंतरही कर्ज चालूच. एक चांगलं आहे, बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. बोनस आला की मुद्दलात ओता.”

“म्हणजे घेऊच नये?”

“असं कुठं म्हणाले? लहान घ्या, जुन्या चालत्या सोसायटीत, बसस्टॉपजवळ. निम्म्याहून जास्त पैसे आपले घाला. आणि त्या सोसायटीत पाण्याचं काय ते विचारा. उंड्रीत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत, उन्हाळ्यात मेंटेनन्सचा आकडा फुगतो. शेवटच्या मजल्यावर गळती आहे का ते पावसाळ्यात जाऊन बघा. इंडेक्स टू काढून बघा, त्याच बिल्डिंगमधला शेवटचा फ्लॅट कितीला नोंदला गेला ते कळतं. एजंट सांगेल तो भाव नसतो.”

“आमच्या मागच्या पांढऱ्या बंगल्यातल्यांनी नोटरीकडून करार करून भाडेकरू ठेवलाय. त्यांना काही झालं नाही.”

“अजून झालं नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायलाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या त्याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. वर दंड, तुरुंगाचीही तरतूद आहे. आणि हे कशासाठी, तर ऑनलाइन नोंदणीचे हजार रुपये आणि थोडी स्टॅम्प ड्युटी वाचवायला! त्यांच्या दारातली गाडी बघितलीस ना किती लाखांची?”

“बघितली. तिचाही हप्ताच आहे म्हणे.”

“असू दे. तू आता एक कर. त्याच एजंटला फोन लाव, पण घेणारी म्हणून नाही, भाड्यानं घर शोधणारी म्हणून. नंबर माझ्या फोनवरून लाव, तुझा त्यानं सेव्ह केला असेल.”

“आत्ता?... हॅलो, दादा, उंड्रीत टू बीएचके भाड्यानं बघतोय आम्ही... हो, फॅमिली... त्याच बिल्डिंगमध्ये मिळाला तर उत्तमच... किती?... मेंटेनन्ससकट?... बरं, कळवते.”

“काय म्हणतो?”

“साडेसोळा. वर म्हणतो, ताई, तुम्ही या तर खरं, थोडं कमी करून देतो.”

“घे मग, वही घे. अकरा महिन्यांचे १ लाख ८१ हजार ५००. खर्च तेच, फक्त एजंटचे १९च्या जागी साडेसोळा.”

“१ लाख ४ हजार ६०० उरतात... महिन्याला ८७००... भागिले ८६८. दहा लाख, काकू.”

“आणि कर्ज?”

“४८. अहो, तुमचा फोन वाजतोय. तोच आहे. विचारतोय, घर बघायला कधी येताय.”