टेस्टरअण्णा

शर्टाच्या खिशाला टेस्टर, हातात टाँगटेस्टर आणि तोंडात "काय न्हाई ओ, रिलेच नाजूक हाय" हे वाक्य. एवढ्या भांडवलावर माणूस कारखान्याच्या मोटरी उभा जन्म सांभाळू शकतो. शिरोली म्हणा, भोसरी म्हणा, चिकलठाणा म्हणा, एमआयडीसी आली की तिथे एक टेस्टरअण्णा आलाच.

मोटर ट्रिप झाली की प्रॉडक्शनवाले बोंब ठोकतात. अण्णा येतात. मोटर का थांबली, हे ते कुणालाच विचारत नाहीत. रिलेला तर नाहीच नाही. पॅनेलचं दार उघडायचं, टेस्टरचं टोक ओव्हरलोड रिलेच्या अँपिअरच्या चकतीत घालायचं आणि १५ चं १६ करायचं. रीसेट. ब्लोअर फिरू लागतो. सुपरवायझर म्हणतो, "अण्णा, हाताला गुण हाय तुमच्या!" पंधरवड्यानं १६ चं १७ होतं. चकती संपली की स्टोअरमधून वरच्या रेंजचा रिले निघतो.

एकदा डिप्लोमा करून आलेल्या पोरानं २० एचपीच्या मोटरपाशी तोंड उघडलं. स्टार-डेल्टा स्टार्टर होता आणि रिलेवर २८.

"अण्णा, हे जास्त आहे."

"नेमप्लेटीवर किती लिवलंय?"

"अठ्ठावीस."

"आन् रिलेवर?"

"अठ्ठावीस."

"मग? शिकीव की मला!"

पोरगं गप्प बसलं. खरं त्याचंच होतं. त्या स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेवर बसतो, त्यामुळे लाइनमधल्या करंटचा ०.५८ पटच त्याच्यातून जातो. म्हणजे आकडा हवा १६ च्या आसपास. २८ वर ठेवलेल्या रिलेला लाइनमध्ये ४८ अँपिअर होईपर्यंत काही वावगं वाटतच नाही. पण नेमप्लेटीचा आकडा रिलेच्या आकड्याशी जुळतोय म्हटल्यावर अण्णांशी वाद घालणार कोण?

पुढे मालकांनी बटणांचा, डिस्प्लेवाला रिले आणला. त्यात ट्रिप क्लास आला: १०, २०, ३०. सेटिंगच्या ७.२ पट करंट वाहू लागला, तर क्लास १० चा रिले दहा सेकंदांच्या आत तोडतो, ३० चा तीस सेकंदांपर्यंत थांबतो. जड पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी ही सवलत. अण्णांनी सगळ्यांना सरसकट ३० दिला. बोअरमधल्या सबमर्सिबललासुद्धा, जिला १० च लागतो. फेज अनबॅलन्सचा ट्रिप "लाइनच तशी हाय" म्हणून बंद केला. अडचण आली ती थर्मल मेमरीची. मोटर किती तापली होती हे रिले लक्षात ठेवतो आणि ती निवेपर्यंत रीसेट करू देत नाही. अण्णांना हा शुद्ध आगाऊपणा वाटला. पण त्यांच्या रिलेची आठवण कंट्रोल सप्लाय काढला की पुसली जाते, हा शोध त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावला. मॅन्युअल न वाचता.

अण्णा अडाणी आहेत असं मात्र समजू नका. टेस्टरचं टोक मोटरच्या बॉडीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि निकाल येतो, "पंख्याकडचं बेरिंग चाललंय." उघडून पाहावं तर तेच. हा कान असलेला माणूस ओव्हरलोड ओळखत नसेल? ओळखतो. पण ट्रिप झालेला अर्धा तास लॉगबुकात 'इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन' म्हणून त्यांच्या नावावर चढतो. जळालेली मोटर चढते मोटरच्या नावावर. शिवाय मोटर त्याच दिवशी जळतही नाही. वाइंडिंग दहा अंशांनी जास्त तापत राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, एवढंच. म्हणजे मरण उद्यावर जातं, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये.

त्या २० एचपीवालीचंही तसंच झालं. सकाळी शेडमध्ये वार्निशचा वास. अण्णांनी नाक फेंदारून जागच्या जागी पंचनामा केला: "वायंडरनं तांबं हलकं घातलंय." रिवाइंडिंगवाल्यानं मोटर उघडली. तिन्ही फेजची वेटोळी सारखीच काळीठिक्कर. फेज गेला असता तर काही जळाली असती, काही वाचली असती. ही सगळी ओव्हरलोडनं भाजलेली. त्याला कळलं, पण तो बोलला नाही. दिवाळीला अण्णांच्या घरी मिठाईचा मोठा पुडा त्याच्याकडूनच येतो.

तुमचाही कारखाना असेल, तर उद्या पॅनेलचं दार उघडून ओव्हरलोडच्या चकत्या नुसत्या पाहून घ्या. बाण शेवटच्या आकड्याला टेकलेला दिसला, तर समजा अण्णा तुमच्याकडेही कामाला आहेत.